तातडीने मदत हवी आहे: बार्शीत सीए प्रॅक्टिस सुरू करतोय, पहिली कामं मिळवायची कुठून?

अडला_हरी
नमस्कार मंडळी. बार्शीला प्रॅक्टिस सुरू करायचं ठरवलंय. पहिली पाच-दहा कामं कुठून मिळतात एवढंच सांगा. 'आधी नीट विचार कर' हे कृपया नको, विचार करून झालाय, घरच्यांशी बोलून झालंय. जरा लवकर सांगितलंत तर बरं.

ताळेबंद
हे नाव घेऊन आलात, म्हणजे आम्ही कोण ते कळलं. असो. पास कधी झालात? नोकरी आहे की सोडली? टॅक्स येतो का नुसतं ऑडिट? जागा घरची की भाड्याची? यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही आणि घाई मात्र तुम्हालाच.

चावडीवरचा
त्यात विचारायचं काय? सोलापूर जिल्हा आहे, सहकार धरा. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या. सहकार खात्याच्या लेखापरीक्षक पॅनेलवर नाव लावून घ्या, झालं. मी जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) करून २० वर्षं हेच खातोय, सीए न होता.

अडला_हरी
सीए आहे हे गृहीत धरा ना. पॅनेलवर लगेच नाव लागतं का?

ताळेबंद
नाही लागत. सहकार कायद्यात सीएलाही संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान १ वर्षाचा अनुभव मागितलाय, वर मराठीचं ज्ञान. मराठीचं तुमचं जमेल. चावडीवरचे हे सांगायला विसरले.

चावडीवरचा
विसरलो नाही. वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली संस्था तपासायच्या, त्यात काय एवढं? आम्हीही तसंच केलं.

शारजा_रिटर्न
बार्शी कशाला? इकडे या. यूएईत जून २०२३ पासून ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स लागू झालाय, आपल्या सीएंना चांगली मागणी आहे. जोडीला एसीसीए, म्हणजे ब्रिटिश अकाउंटन्सीची परीक्षा, केलीत तर सोन्याहून पिवळं, काही पेपर माफ होतात.

अडला_हरी
दुबईचं विचारलेलं नाही.

काका_कसबा
सीए मंडळी जमलीच आहेत तर विचारतो. माझा रिफंड चार महिने आलेला नाही. काय करावं?

ताळेबंद
काका, रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलंत का? पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट आहे का? आणि वेगळा धागा काढा. हरी, माझ्या प्रश्नांचं काय?

अडला_हरी
२०२२ ला पास. तेव्हापासून पुण्यात एका कंपनीत इंटर्नल ऑडिट. राजीनामा दिलाय, नोटिशीचे १९ दिवस राहिलेत. आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, मोठ्या फर्ममध्ये झाली, तिथेही कंपन्यांची ऑडिटंच. जीएसटी रिटर्न स्वतः कधी भरलेलं नाही, पण त्यात कळायला अवघड काय आहे? जागा वडिलांच्या आडत दुकानाचा माळा.

पेठेतली_सीए
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! माझी तालुक्याच्या गावात ११ वर्षं प्रॅक्टिस आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमची पहिली दहा कामं त्या माळ्याखालीच आहेत. आडते, त्यांचे व्यापारी, त्यांच्या ओळखीतले ट्रस्ट. गावात शाळा, देवस्थानं, मंडळं असतात, त्यांना धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट अहवाल द्यावा लागतो. त्यातले परिशिष्ट आठ (ताळेबंद) आणि नऊचे (उत्पन्न-खर्च) नमुने एकदा हाताने भरून बघा. मोठ्या फर्ममधून आलेल्यांना ते ठाऊकच नसतात.
दुसरं, बँकेची कर्जं. मॅनेजर लोक प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सीएमए डेटासाठी (कर्ज देताना बँक मागते ती आकडेवारी) माणूस शोधतच असतात. तिथे एक सांभाळा, सही मागायला येणारे फार. "कागद तयार आहेत, तुम्ही फक्त सही द्या." सही म्हटली की १८ अंकी यूडीआयएन (सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) आला, आणि तो तुमच्या नावावर कायमचा राहतो. पहिल्या वर्षी खिसा रिकामा असतो, तेव्हा असला माणूस देवासारखा वाटतो. मी एकाला होकार दिला होता. पुढची दोन वर्षं खुलासे लिहिण्यात गेली.
आणि जीएसटी: रिटर्नची ११ तारीख, २० तारीख, मध्ये पुरवठादाराने बिल अपलोड केलेलं नसतं, आडत्याचा फोन उचलला जात नाही. अवघड हे आहे.

चावडीवरचा
चौकात फ्लेक्स लावा, गणपतीच्या शुभेच्छा देऊन. गावाला कळतं.

पेठेतली_सीए
हरी, फ्लेक्स अजिबात लावू नका. सीएने कामं मागत फिरणं हे व्यावसायिक गैरवर्तनात धरतात, सीए कायद्याची पहिली अनुसूची काढून वाचा. दुकानदारासारखा झगमगता मोठा बोर्डसुद्धा चालत नाही. दुसऱ्याचं ऑडिट हातात आलं तर आधी त्याला लेखी कळवायचं, मगच स्वीकारायचं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, इथे चुकलात तर पहिल्या महिन्यातच वैर.

सल्लागार_९०
मी कर सल्लागार, सीए नाही. तालुक्यात रिटर्नचं काम आम्हीच करतो, ५०० रुपयांत, आणि तुमच्याकडे माणूस येतो तो ऑडिटची मर्यादा ओलांडल्यावर. आमच्याशी जमवून घ्या. पुण्याचे दर सांगितलेत तर माळ्यावर उंदीरच येतील.

पेठेतली_सीए
५०० रुपयांच्या रिटर्नमधल्या बनावट वजावटींच्या नोटिसा मग आमच्याकडे येतात, तेही लिहा.

सल्लागार_९०
सगळे तसे नसतात मॅडम. तुमच्यातले कोरी सही देणारे मीही पाहिलेत.

बारावीची_आई
मुलगी कॉमर्सला आहे. आर्टिकलशिप २ वर्षांची झाली म्हणतात, खरं का?

ताळेबंद
हो ताई, जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत २ वर्षं. फाउंडेशनला ४ पेपर. हरी, गाडी रुळावर आणू. पहिलं वर्ष खाणार काय?

अडला_हरी
त्याची सोय केलीय. कंपनी म्हणते, आठवड्यातून २ दिवस येत जा. पगार निम्मा, बाकी दिवस बार्शीला ऑडिट.

पेठेतली_सीए
पगार की फी?

अडला_हरी
पगारच. पीएफ चालू राहील म्हणून. काय फरक पडतो?

ताळेबंद
सगळाच फरक पडतो! पगारावर असाल तर पूर्णवेळ सीओपी (प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र) नाही, आणि अर्धवेळ सीओपीवर ऑडिटची सही करता येत नाही. २००५ पासून हेच आहे. आर्टिकलही ठेवता येणार नाही. कंपनीला सांगा, कर्मचारी नको, सल्लागार म्हणून ठेवा, बिल देतो. पीएफ सुटेल, सही राहील.

शारजा_रिटर्न
म्हणून म्हणत होतो, इकडे या.

अडला_हरी
सीओपीच्या फॉर्ममध्ये मी 'नोकरीत आहे' असंच भरलंय.

ताळेबंद
सबमिट केलात?

अडला_हरी
काल रात्री. फीसुद्धा भरली.

पेठेतली_सीए
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. आणि एचआरला उद्या सकाळी फोन करा, फॉर्मचं त्यानंतर बघू.