मदत हवी आहे: विडी कामगार आजींची ताकद कशी मोजावी?

सोलापुरात साठीपुढच्या विडी कामगार बायकांच्या स्नायूंची ताकद तपासायची आहे. स्नायूंच्या अशक्ततेचे 2019 चे आशियाई निकष ठाऊक आहेत: बायकांत हाताची पकड 18 किलोखाली, नेहमीच्या चालीने 6 मीटर चालायला 6 सेकंदांहून जास्त, हात छातीशी धरून खुर्चीतून 5 वेळा उठायला 12 सेकंद किंवा अधिक. पण जन्मभर पानं कातरून, विड्या वळून बोटं चालती राहतात, मांड्या मात्र बसून बसून सुकतात. नुसती पकड पाहून धडधाकट ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

त्यात मेचं ऊन. पाणी कमी पडलं की उभं राहताच वरचा रक्तदाब 20 मिमी (पारा) किंवा अधिकने उतरू शकतो; म्हणून तो आधी बाईंना झोपवून, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी मोजणार आहे.

जमिनीवरून उठण्याची चाचणी कुणी घेता का? गुडघेदुखी आणि खरी अशक्तता वेगळी कशी ओळखता? पावसाळ्यात पुन्हा मोजावं का?