मदत हवी आहे: गावाची चतुःसीमा कशी लिहायची? नाला सरकलाय, शिव कुठे धरायची?

नमस्कार मंडळी, आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तर काठाला. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, शेजारच्या गावाशी वाद नकोय, फक्त माहिती हवीय. झेडपी शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा आणि खाली दहा-बारा ओळी माहिती रंगवायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ऑइल पेंटने एकदा लिहिलं की पोरं वर्षानुवर्षं तेच वाचणार, त्यामुळे चुकीचं काही जायला नको.

तालुक्याचं वर्णन जमलंय. उत्तरेला सातपुडा आणि त्यामागे मध्य प्रदेश, दक्षिणेला तापी, पश्चिमेला शिरपूर म्हणजे धुळे जिल्हा, पूर्वेला यावल. आमच्या समोर नदी ओलांडली की अमळनेर तालुका, रेल्वे पण तिकडेच, सुरत-भुसावळ लाईन. अनेर काय, गूळ काय, सातपुड्यातलं पाणी उत्तरेकडून खाली उतरून तापीला मिळतं, म्हणून आमच्याकडे शिवा पण अशा उभ्या नाल्यांवरच पडल्यात.

अडतंय ते इथेच. आमचं बुद्रुक आणि शेजारचं खुर्द, मधे नाला, आणि लहानपणापासून ऐकत आलोय की नाला हीच शिव. पण एका मोठ्या पुरात नाल्याने वळण सोडलं आणि आमच्या बाजूला घुसला, जुन्या पात्रात आता केळी लावलीय. आमचे आबा म्हणतात, "शिव तठेच शे, नालाच इकडे उना." तरुण पोरं मोबाईलवर आजचा नाला दाखवतात आणि म्हणतात हीच शिव. आबांच्या लग्नात वरात त्या जुन्या वळणावरच्या म्हसोबापाशी थांबवून सीमांतपूजन झालेलं, म्हणजे तेव्हा सगळ्या गावाला शिव कुठंय ते पक्कं माहीत होतं, आता दोनचार म्हातारी माणसं सोडली तर कोणाला विचारायची सोय नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे आमची गट ग्रामपंचायत आहे आणि हद्दीत एक बेचिराख गाव पण येतं, वस्ती शून्य पण सातबाऱ्यावर नाव वेगळं. त्याचं शिवार आमच्या गावात धरायचं का?

प्रतिसाद १:
दादा, आबांचं बरोबर आहे. नाला सरकला म्हणून रेकॉर्डवरची शिव आपोआप सरकत नाही, मोजणीच्या नकाशात जिथे आहे तिथेच राहते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची नक्कल काढा, महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर जमिनीचे गट दिसतात पण भिंतीवर रंगवायचं तर नक्कलच हाताशी ठेवा. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड सापडतो का बघा, तो सापडला तर बाकीचं तिथून लावता येतं. तापीच्या बाजूला पण तसंच, शिव काठावर की पात्रात हे नकाशात बघूनच लिहा, मळईची म्हणजे नदीच्या गाळाची जमीन असेल तर तिथे अंदाज चालत नाही.

प्रतिसाद २:
बेचिराख गाव वेगळंच लिहा भाऊ. महसुली गाव वेगळं आणि ग्रामपंचायतीची हद्द वेगळी, एका गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात. जनगणनेत पण महसुली गावच धरतात, २०११ च्या जळगाव जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाचं क्षेत्रफळ हेक्टरमध्ये दिलंय, वस्ती नसलेल्या गावांचं सुद्धा, तिथून आकडा उचला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचं जुन्या नंबरचं ४६ ओ शीट मिळालं तर बघा, चोपडा त्यात येतं. त्यातली १:५०,००० ची शीट घ्या, १ सेंमी म्हणजे अर्धा किलोमीटर, नाल्याचं जुनं वळण त्यात सापडू शकतं.

प्रतिसाद ३:
पोरांसाठी लिहिताय तर चतुःसीमा नुसत्या गावांच्या नावांनी नका लिहू. "पूर्वेला अमुक गाव" वाचून पोराला काय कळणार? "पूर्वेला जुना नाला, म्हसोबापासून खाली तापीपर्यंत" असं लिहा म्हणजे ते चालत जाऊन बघेल. आमच्या पारोळ्याकडे गाडरस्ते बुजले तशी शिवेवरची झाडं पण गेली, आता विचारलं तर नुसते गट नंबर सांगतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार. नकलेचा अर्ज सोमवारी टाकतो. भिंतीवर जुनं पात्र तुटक रेषेने आणि आजचा नाला निळ्या रंगाने, दोन्ही दाखवावं म्हणतोय, शिवेची रेषा मात्र नक्कल हातात आल्यावरच. बेचिराख गावाचं नाव त्याच्या शिवारावर वेगळं टाकतो. ताई, म्हसोबाची ओळ तुम्ही म्हणता तशीच घेतो. आबांना रविवारी गाडीवर बसवून नाल्यावर नेतोय, तिशिवेचा दगड केळीच्या बागेत कुठेतरी आहे म्हणतात, बागवाल्याला विचारून ठेवलंय. एक राहिलंच, गावात सगळे त्याला नुसतं "नाला" म्हणतात, नकाशात दुसरंच नाव निघालं तर भिंतीवर कोणतं लिहू?