इंडक्शन घेताना वॅट बघायचे की मंद आच?

धागाकर्ती:
आमची इंडक्शन शेगडी सहा वर्षं चालून गेल्या महिन्यात बंद पडली, तेव्हापासून नवीन बघतेय. जिथे विचारावं तिथे एकच पाठ, किती वॅटची, किती रेडिमेड बटणं, टायमर आहे का. मला आता पक्कं वाटायला लागलंय की आपण सगळे नको ती गोष्ट बघून शेगडी घेतो.

हिशोब करून बघा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात. इंडक्शनची ८५ टक्के तरी वीज भांड्यात उतरते असं धरलं तर २००० वॅटवर तीन मिनिटांच्या जरा वर आणि १६०० वॅटवर चारला थोडी कमी. म्हणजे आपण भांडतोय पाऊण मिनिटासाठी! आणि जे रोज छळतं त्याबद्दल कुणी विचारत नाही, ते म्हणजे मंद आच.

जुन्या शेगडीवर दूध मंद ठेवलं की चार-पाच सेकंद जोरात खळखळ, मग एकदम शांत, पंखा तेवढा घोंघावतोय, मग परत खळखळ. बूड लागायचंच. मी इतकी वर्षं पातेल्याला दोष देत होते, जाड बुडाचं नवीन आणलं तरी तेच. मग एका दुरुस्तीवाल्यानं नीट समजावलं की बऱ्याच स्वस्त शेगड्यांचं सर्किट एका मर्यादेखाली सलग चालूच शकत नाही. ३०० वॅट द्यायचे तर ते १००० वॅट तीन सेकंद देतं आणि सात सेकंद बंद ठेवतं, सरासरी आली ३००. आकडा खरा, पण दूध सरासरीवर तापत नाही ना. चांगल्या शेगडीत तीच ताकद खरोखर खाली आणली जाते, चालू-बंद न करता.

तर माझं म्हणणं, खालच्या आकड्यावर शेगडी कशी वागते ते आधी बघा, वॅट नंतर. कुणाला पटत नसेल तर सांगा, मी अजून घेतलेली नाही.

प्रतिसाद १:
नाही पटलं. एक लिटरचा हिशोब तुमच्या सोयीचा आहे. आमच्याकडे रोज आठ माणसांचं रांधायचं असतं, पाच लिटरचं पातेलं चढतं, त्याला १६०० वॅटवर एकोणीस-वीस मिनिटं आणि ३००० वॅटवर दहा, आणि मोठं पातेलं बाजूनं गारही होत असतं त्यामुळे कमी ताकदीवर प्रत्यक्षात अजूनच रखडतं. तळताना तर फारच कळतं, गार वस्तू तेलात सोडली की तेल बसतं, परत वर यायला ताकदच लागते. दोन माणसांच्या घराला मंद आच महत्त्वाची असेल, मोठ्या घराला वॅट लागतातच.

आणि ते १८० अंश वगैरे दाखवतात ना, त्याच्या भरवशावर तळू नका कुणी. सेन्सर काचेखाली असतो, त्याला काचेची गरमी कळते, तेलाची नाही.

प्रतिसाद २:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय असं मला वाटतं. वॅट किती आणि मंद चालते का याच्या आधी कॉइल, म्हणजे काचेखालचं तारेचं वेटोळं, केवढी ते विचारा!

माझ्या शेगडीचा पंखा जाम झाला होता म्हणून खोलून घेतली, मी तिथेच उभी होते. काचेवर ऐसपैस वर्तुळ छापलेलं, पाच लिटरचं पातेलं सहज मावेल एवढं, आणि काच उचलल्यावर आत कॉइल माझ्या तळहाताएवढी. बघतच राहिले. तव्याच्या मधोमध काळं कडं का पडायचं आणि कडेला सगळं कच्चं का राहायचं ते त्या दिवशी समजलं. इंडक्शनमध्ये गरम होतं ते भांड्याचं बूडच, पण कॉइलच्या वर जेवढं बूड येतं तेवढंच, बाकीच्या बुडाला उष्णता धातूतून सरकत जाऊनच मिळते. त्या तळहाताएवढ्या जागेत २००० वॅट ओतले तर करपणारच की. म्हणून प्रतिसाद १ ला सांगते, तुमचं मोठं पातेलं लहान कॉइलवर ठेवलंत तर वॅट वाढवून उपयोग नाही.

खोलायची गरज नाहीये. रुंद पातेल्यात अर्धा बोट पाणी घाला, आच मोठी करा आणि वरून बघा. बुडबुड्यांचं कडं उठतं, ते जिथे उठतं तिथेच खाली कॉइल. कडं वाटीएवढं असेल तर ती शेगडी सोडून द्या.

प्रतिसाद ३:
एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा गॅस काय वाईट आहे, हे कुणी सांगेल का? ज्योत दिसते, आच डोळ्यांना कळते, पंखा जाम होत नाही. गोल बुडाची कढई चालते. तांब्या-पितळेची, ॲल्युमिनियमची, आईकडून आलेली भांडी चालतात. इंडक्शनवर यातलं निम्मं कपाटात जातं. वीज गेली की जेवण बंद. आणि ८५ टक्के म्हणताना ती वीज कुठून आली तेही धरा, कोळशाच्या केंद्रात निम्म्याहून जास्त उष्णता आधीच वाया गेलेली असते.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद ३ ला):
कोळशाचा मुद्दा बरोबर आहे, वीज कशापासून बनते त्यावर सगळं अवलंबून आहे, ते मान्य. पण गॅसचीही सगळी उष्णता भांड्याला मिळत नाही, बरीच तुमच्या तोंडावर येते, हे उन्हाळ्यात ओट्यापाशी दोन तास उभं राहणाऱ्याला विचारा.

माझं कारण वेगळं आहे. मुलीला दमा आहे. ज्योत जळते तिथे नायट्रोजन डायऑक्साइड होतोच, तो फुप्फुसांना त्रास देतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्याची वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. आमचं स्वयंपाकघर लहान, खिडकी एक, एक्झॉस्ट लावला तरी मन मानेना. म्हणून बदललं. तळण्या-भाजण्याचा धूर इंडक्शनवरही होतोच, तेव्हा एक्झॉस्ट अजूनही लावते, पण ज्योतीचा भाग तरी गेला.

कढईचं तुमचं खरं आहे हो, गोल बुडाची गेलीच. त्याचं मलाही वाईट वाटलं.

प्रतिसाद ५:
मी वायरिंगची कामं करतो, वीस वर्षं झाली. इथे कॉइल झाली, कढई झाली, पण भिंतीत काय आहे ते कुणीच विचारलं नाही.

२३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपियर, आणि तेही एक-एक तास सलग. सॉकेट सैल असेल तर आतली पट्टी तापते. मी काढलेल्या सॉकेटांमध्ये पिवळी-तपकिरी पडलेली, वितळून पिनेला चिकटलेली अशी बरीच बघितलीत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शेगडी एक्स्टेंशनवर लावलेली होती. कृपा करून एक्स्टेंशनवर लावू नका. दहा मिनिटं चालवून बंद करा आणि प्लग काढून हात लावून बघा, कोमट ठीक आहे, चटका बसत असेल तर आधी सॉकेट बदला. जिथे १२० व्होल्टची लाइन असते तिथे तर साध्या प्लगवर १८०० वॅटच्या वर जाताच येत नाही.

ओट्यात बसवायच्या चार कॉइलच्या शेगडीचं तर वेगळंच. सगळी मिळून सात हजार वॅटच्या वर जाते, त्याला ३२ अँपियरची स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, लागतो. लाइन तेवढी नसेल तर निदान जिला एकूण ताकद सेटिंगमधून कमी करता येते अशी घ्या, बऱ्याच मॉडेलांत ती सोय असते. आणि बूस्टचा, म्हणजे थोडा वेळ मिळणाऱ्या जास्तीच्या ताकदीचा, आकडा बघून भुलू नका, बहुतेक वेळा दोन कॉइल एकाच सर्किटवर असतात, एकीला बूस्ट दिला की शेजारची आपोआप मंदावते, शिवाय बूस्ट काही मिनिटांनी स्वतःच उतरतो. मोठ्या घरासाठी वॅट हवेत म्हणणाऱ्यांनी हे विचारूनच घ्यावं, कुठल्या दोन कॉइल जोडलेल्या आहेत ते.

प्रतिसाद १:
हे माहीत नव्हतं. आमच्या शेगडीवर डावीकडची बूस्टवर टाकली की मागची ढिली पडते, मला वाटायचं बिघाड आहे. धन्यवाद दादा.

प्रतिसाद ६:
मी टच बटणांच्या पूर्ण विरोधात आहे, आणि यावर कुणाचंच ऐकणार नाही. सासऱ्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. गुळगुळीत काच, त्यावर बारीक खुणा, ओल्या बोटाला ती दाद देत नाही, आणि दूध उतू जाऊन बटणांवर आलं की शेगडी पीं पीं करून बंद. घरात वयस्कर माणूस स्वयंपाक करत असेल तर फिरवायचं बटण असलेलीच बघा. कमी मॉडेलं मिळतात, पण मिळतात. आणि कुणाला पेसमेकर असेल तर घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला, साधारण दोन फुटांचं अंतर ठेवायला सांगतात.

प्रतिसाद ४:
टच पुसायला किती सोपं जातं पण! फिरवायच्या बटणाखाली तेलाचा चिकट थर साचतो तो मी वर्षानुवर्षं सुरीच्या टोकानं काढलाय. लॉकचं बटण असतं, ते वापरायची सवय लागली की काही अडत नाही. फक्त साखरेचं काही सांडलं तर ते थंड व्हायची वाट बघू नका, काचेला धरलं की काचेचा टवका घेऊनच निघतं. शेगडी बंद करून गरम असतानाच खरवडणीनं काढायचं, हात सांभाळून.

प्रतिसाद २:
भांड्यांचं राहिलं. चुंबक चिकटला की झालं असं सगळे सांगतात, ते अर्धवट आहे. कसा चिकटतो ते बघा, ओढून काढावा लागला पाहिजे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना खाली भोकाभोकांची पोलादी जाळी दाबून बसवतात, त्यावर चुंबक धरतो पण तापतं तेवढी जाळीच, आणि मग लोक शेगडीला नावं ठेवतात. बुडावर पट्टी आडवी धरून बघा, मध्ये उजेड दिसला तर बूड वाकलंय. रिकामं पातळ भांडं मोठ्या आचेवर ठेवून वळू नका, एका मिनिटात वाकतं, नॉनस्टिकचा तर थरच जातो.

धागाकर्ती:
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. कॉइलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मंद आच आधी हे म्हणताना मी आमच्या तीन माणसांच्या घरापुरतंच बघत होते, आठ माणसांना माझा हिशोब लागू नाही. ज्योतीवर मात्र मी परत जाणार नाही. इथे सांगितल्यावर काल जुन्या शेगडीचा सॉकेट बघितला, चांगलाच तपकिरी पडलेला होता, आज बदलून घेतला.

आणि आज माझंच पातेलं पिशवीत घालून दुकानात गेले. पाणी उकळवलं, मग एकदम खाली आणलं आणि बघत उभी राहिले, दुकानदार काही बोलला नाही, उलट खुर्ची दिली. पहिल्या शेगडीवर बुडबुडे पाच सेकंद आणि मग पूर्ण शांत. दुसरीवर तसंच, जरा लवकर लवकर. तिसरीवर कडेनं बारीक बारीक बुडबुडे एकसारखे येत राहिले, थांबलेच नाहीत, मी दहा मिनिटं बघितले. ती १८०० वॅटची होती, आधीच्या दोन्ही जास्तीच्या.

पण मग प्रतिसाद २ आठवला आणि पाणी कमी करून मोठ्या आचेवर बघितलं तर कडं लहान वाटलं. माझं पातेलंच अरुंद आहे त्यामुळे खात्री होईना. उद्या मोठा तवा घेऊन परत जातेय.

प्रतिसाद २:
तव्यावर पाणी टिकायचं नाही, घरातलं रुंद सपाट बुडाचं पातेलं न्या. आणि कडं मोजायला पट्टी.