अकाउंट्समधून मेडिकल ऑफिसात जाता येईल का?

खातेवही :
नमस्कार मंडळी. सहा वर्षं एका वाहतूक कंपनीत बिलं, येणी-देणी आणि फायली सांभाळल्या. आता डॉक्टरांच्या ऑफिसात किंवा हॉस्पिटलच्या प्रशासनात शिरायचं डोक्यात आहे. शाळा सुटली तेव्हाच सायन्सही सुटलं. टायपिंग बरं आहे, एक्सेल चांगलं येतं. आधी मेडिकल सेक्रेटरीचा कोर्स करावा की मिळेल त्या कामाला लागावं? आणि ते सगळे ग्रीक-लॅटिन शब्द पाठ असावे लागतात का? खरं सांगायचं तर धास्ती त्यांचीच आहे.

दोन इलियम :
नऊ वर्षं एका सर्जनांची सेक्रेटरी आणि पुढची आठ रेकॉर्ड विभागात, एवढ्या पुंजीवर बोलते.

शब्द पाठ करत बसू नका, फोडायला शिका. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टॉमी' आलं की कापून काढलं, 'ऑटॉमी' म्हणजे छेद दिला, 'ऑस्टॉमी' म्हणजे बाहेर वाट काढून दिली. त्याच्या आधी अवयव. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा तुकडा काढतात, कोलॉस्टॉमीत ते पोटावर उघडतात. असे तीस-चाळीस तुकडे हाताशी आले की रोजची पत्रं उलगडायला लागतात. मला दोनेक महिने लागले.

आता माझ्या नावाची गोष्ट. नोकरीचा दुसरा महिना. सर रेकॉर्डरवर पत्र बोलून ठेवायचे, मी कानाला हेडफोन लावून, पायाने पेडल दाबत टाइप करायची. त्यात 'इलियम' आलं. मी एक स्पेलिंग ठोकलं, लाल रेघ उमटली नाही, पुढे गेले. पण इलियम दोन आहेत. मधे 'ई' घातला तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' घातला तर कमरेचं हाड. उच्चार तोच. (देवनागरीत लिहिलं असतं तर चूक कधी सापडलीच नसती!) स्पेलचेकरला दोन्ही शब्द मान्य, त्यामुळे आतड्याच्या रुग्णाच्या पत्रात हाड जाऊन बसलं. सरांनी सही करायच्या आधी वाचलं, त्या एका अक्षराभोवती पेनाने गोल केला आणि कागद मुकाट्याने माझ्या टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून नीट ऐकू आलं नाही की जागा मोकळी सोडायची, शेजारी रेकॉर्डिंगचं मिनिट-सेकंद लिहायचं आणि जाऊन विचारायचं. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' हा घोळ तर रोजचा. 'एक-पाच की पाच-शून्य?' असं विचारलं की डॉक्टर वैतागतात, पण सांगतात. डोस लिहिताना टिंबाच्या आधी शून्य हवंच, १ च्या पुढे मात्र टिंब-शून्य नको. म्हणजे ०.५ आणि १. टिंब पुसट झालं की .५ चे पाच होतात आणि १.० चे दहा.

काउंटरवर बसलात तर 'तुम्ही अमुकच ना?' असं कधी विचारू नका. घाबरलेली किंवा कमी ऐकू येणारी माणसं सरळ मान डोलावतात. नाव आणि जन्मतारीख त्यांनाच सांगू द्या. एकाच नावाच्या दोन बायका एकाच सकाळी आल्या होत्या, हाक मारली तर दोघी उठल्या. जन्मतारखेने निभावलं.

कोर्स छोटाच करा, तोही डिक्टेशनचा सराव देत असेल तरच. हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी हा वेगळा रस्ता आहे, तो नंतरही धरता येतो.

कोडकरी :
ताईंचं सगळं पटलं, पण सहा वर्षं हिशेब केलेला माणूस काउंटरवर कशाला बसवायचा? खातेवही, तुम्ही बिलिंग आणि कोडिंगकडे बघा. प्रत्येक निदानाला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, कोड लागतो. आयसीडी-१० ला १९९० मध्ये मान्यता मिळाली, आयसीडी-११ हे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, तरी पुष्कळ ठिकाणी अजून दहाच चालतं. त्यात उच्च रक्तदाबाचा कोड 'आय' अक्षर आणि पुढे १०. नवखा माणूस हमखास एकशे दहा टाइप करतो. अकरामध्ये 'आय' आणि 'ओ' ही अक्षरंच वगळली आहेत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून.

एक सवय मात्र मोडावी लागेल. हिशेबात आकडा दिसला की आपण नोंद करतो. इथे रिपोर्टात हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून 'अॅनिमिया'चा कोड आपल्या मनाने लावायचा नाही. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं. नसेल तर लेखी विचारणा करायची. मनगट डावं की उजवं, एवढ्यासाठी मी एक फाइल तीन वेळा परत पाठवली आहे.

खातेवही :
दोघांचे आभार. दोन्ही इलियम वहीत लिहून घेतले. ताई, शेवटचं एक : फोनवर कुणी गोळ्यांबद्दल विचारलं तर काय सांगायचं?

दोन इलियम :
काही नाही सांगायचं. 'परत तीच गोळी घेऊ का?' याचं उत्तर वर्षभरात तुम्हाला पाठ झालेलं असेल, तरी गप्प बसायचं. नाव, जन्मतारीख, नंबर आणि काय होतंय ते लिहून घेऊन नर्सकडे द्यायचं. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं असं काही ऐकलंत तर निरोपाची चिठ्ठी नाही, होल्डही नाही, लगेच कुणाला तरी उठवायचं. ही यादी पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून मागून घ्या आणि फोनच्या शेजारी चिकटवा.

आणि माणूस जे बोलला तेच लिहा. सुरुवातीला एका आजोबांचा फोन होता, 'छातीवर कुणीतरी बसलंय' म्हणाले. मी शहाणपणा करून 'अस्वस्थ वाटते' असं लिहिलं. नर्सने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, 'हेच शब्द होते?' मी नाही म्हटलं, तोवर तिने त्यांचा नंबर फिरवला होता.