माणूस जन्मतःच वाईट असतो का?

रंकाळाकर: दुष्टपणा रक्तातच असतो, की परिस्थिती माणसाला तसा बनवते?

पेठकरी: रक्ताची भाषा कायद्यानं करून झाली की! इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांकडे रोज हजेरी, गाव सोडायला परवाना. मजुरीला बाहेर जाताच येईना, मग पोट कसं भरायचं? आपल्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात हजेरी बंद केली, फासेपारध्यांना कामं दिली. तो कायदा देशातून जायला १९५२ उजाडलं.

मनोमन: पटलं, पण जनुकांचा वाटा शून्य नाही. २००२ चा न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा अभ्यास बघा. एमएओए हे मेंदूतली काही रसायनं मोडणाऱ्या विकराचं जनुक. ते कमी सक्रिय आणि बालपणी छळ, दोन्ही एकत्र आले तिथं हिंसकपणा ठळक वाढला. नुसत्या जनुकानं नाही.
म्हणून पोरगं जनावरांना मुद्दाम इजा करत असेल तर फोडून काढू नका. त्यानं ते आणखी निबर होतं. एका वेळी एकच सूचना द्या, पाळली की लगेच कौतुक करा. तरीही थांबत नसेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

रंकाळाकर: म्हणजे शिक्षाच नको?

मनोमन: हवी, पण छोटी, आधी सांगितलेली आणि तिथल्या तिथं. पाच मिनिटं खेळ बंद, बस्स. दुपारच्या खोडीची शिक्षा रात्री दिली, तर लहान पोराला ती कशाची तेच कळत नाही.