मदत हवी आहे: जखमेवर गोळ्या + अल्ट्रासाऊंड, कोणी घेतलंय का? अर्जंट

घाईत_आहे:
आईची जखम अडीच महिने भरत नाहीये, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, चार दिवस बरं वाटतं की परत पू. आता डॉक्टर म्हणतायत गोळ्या चालू ठेवून अल्ट्रासाऊंड देऊ. मागच्या महिन्यात सोनोग्राफी झालीये, त्यात काही निघालं नाही, मग परत कशाला? उद्या कळवायचंय, पटकन सांगा.

निवांत:
जखम कुठे? वय? शुगर?

खांदेदुखी:
मी घेतलंय, दहा सिटिंग. जेल लावून प्रोब फिरवतात, मस्त शेक बसतो. बिनधास्त घ्या.

ड्रेसिंगवाली:
अहो ते फिजिओचं, 1 ते 3 मेगाहर्ट्झ. जखमेचं मशीन वेगळं, सोनोग्राफीसारखं आत बघायचं नाही, जखम साफ करायचं, साधारण 20 ते 40 किलोहर्ट्झ. जुन्या जखमेत जंतू चिकट थर करून बसतात, बायोफिल्म, त्यात औषध नीट शिरत नाही म्हणून पू परत येतो. मशीनने सलाइनमध्ये बारीक बुडबुडे होऊन फुटतात, थर सैल पडतो, औषधाला वाट मिळते. तो पिवळा थर भिजलेल्या कागदासारखा सुटून येताना मी रोज बघते. दुखू शकतं, आम्ही आधी बधिर करायचं जेल लावतो.

घरगुती_उपाय:
मशीनबिशीन सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड ओता रोज. फेस आला की जंतू मेले.

ड्रेसिंगवाली:
फेस आपल्याच पेशींमुळेही येतो हो, आणि रोज ओतलंत तर नवी कातडी धरणाऱ्या पेशीपण मरतात.

घरगुती_उपाय:
आमच्याकडे सगळे असेच बरे झालेत.

घाईत_आहे:
टाचेला आहे. शुगर आहे, ते लिहायचं राहिलं, मला वाटलं कळेल.

निवांत:
कसं कळणार??

ड्रेसिंगवाली:
मग आधी पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्त नीट वाहतंय का ती तपासणी, झालाय का बघा. रक्तच पोचत नसेल तर गोळीतलं औषध तरी कसं पोचणार? हाडात इन्फेक्शन नाही ना, एक्सरे काढलाय? कल्चर, म्हणजे कुठले जंतू आहेत ती तपासणी, वरच्या पूचं केलं की साफ करून आतला तुकडा पाठवला? आणि टाच गादीला टेकते का?

घाईत_आहे:
टेकते, उताणीच झोपते ती. मशीनचं सांगा ना पण.

ड्रेसिंगवाली:
आज रात्रीपासून पोटरीखाली उशी, टाच अधांतरी, म्हणजे जखमेवर दाब नको. मशीनचं हो-नाही डॉप्लर बघून.

घाईत_आहे:
आत्ता फाइल काढली. सोनोग्राफी पोटाची होती. डॉप्लरचा कागदच नाहीये, उद्या आधी तेच विचारते.

खांदेदुखी:
पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी पोटी जा हं.