मदत हवी आहे: विम्बल्डनच्या रांगेत आदल्या दिवशी किती वाजता पोचावं?

मी आणि बायको पुण्याहून लंडनला जातोय. विम्बल्डन टेनिस स्पर्धेच्या सोडतीत तिकीट लागलं नाही, म्हणून विम्बल्डन पार्कातल्या रांगेत रात्री तंबू टाकून थांबणार आहोत. पहिल्या आठवड्यातला बुधवार, आणि सेंटर कोर्टच (तिथलं मुख्य कोर्ट). तिची लहानपणापासूनची इच्छा आहे. नियम वाचलेत: तंबू जास्तीत जास्त दोघांचा, माणशी एकच तिकीट, नंबराचं कार्ड जपून ठेवायचं. सेंटर कोर्टाची साधारण ५०० तिकिटंच रांगेला मिळतात. काळ्या बाजारातलं तिकीट अजिबात नको. तिचा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे जमिनीवर दोन रात्री काढणं जमणार नाही, एकच. मुक्काम साउथफील्ड्स स्टेशनजवळ आहे.

अलीकडे रांगेत राहून आलेल्यांनी कृपया सांगा: मंगळवारी किती वाजेपर्यंत पोचलं तर पहिल्या ५०० मध्ये नंबर लागतो? आणि तंबू तिकडे भाड्याने मिळतो, की विकतच घ्यावा लागतो?